एका प्लायमधून घरगुती कपाट: मापापासून दारांपर्यंतचा क्रम

घरी तयार केलेल्या प्लायच्या कपाटांत तीन दोष वारंवार दिसतात. दारे एकमेकांवर चढतात, आतल्या फळ्या सैल बसतात किंवा बाजूंना फुगवतात आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तळाचे थर सुटू लागतात. पहिल्या दोषाचे कारण सांगाडा उभा राहण्यापूर्वीच दारे कापणे हे असते, दुसऱ्याचे प्लायची खरी जाडी न मोजता यादी करणे, आणि तिसऱ्याचे लादीवर टेकणाऱ्या कडा उघड्या ठेवणे. म्हणून खालील मार्गदर्शनात हत्यारांपेक्षा क्रमावर अधिक भर दिला आहे.

उदाहरण म्हणून १२०० मिमी उंच, ६०० मिमी रुंद आणि ४०० मिमी खोल असे दोन दारांचे कपाट घेतले आहे. आठ बाय चार फुटांच्या, म्हणजे २४४० बाय १२२० मिमीच्या, १८ मिमी जाडीच्या एकाच प्लायमधून त्याचा सांगाडा, दोन फळ्या आणि दोन्ही दारे निघतात. पाठीसाठी ६ मिमी प्लायचा चार बाय दोन फुटांचा तुकडा पुरतो आणि तो अनेक दुकानांत सुटा मिळतो. खर्चाचा मोठा भाग १८ मिमीच्या प्लायवर जात असल्याने दुसरी प्लाय न लागणे हीच यातली खरी बचत आहे.

१. प्लाय निवडणे

बाजारात ज्याला कमर्शियल म्हणतात ती सहसा एमआर दर्जाची, म्हणजे दमट हवा सोसणारी पण पाणी न सोसणारी प्लाय असते. बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारी प्लाय, हा त्यावरचा दर्जा होय. हे दोन्ही दर्जे आयएस ३०३ या मानकात येतात, तर मरीन प्लायसाठी आयएस ७१० हे मानक आहे. कोरड्या खोलीतल्या कपाटाला एमआर चालते. कोकणपट्टीत, मुंबईत किंवा स्वयंपाकघरालगत कपाट ठेवायचे असेल, तर थोडे अधिक पैसे देऊन बीडब्ल्यूआर घ्यावी, कारण तिथली बचत दोन पावसाळ्यांत उलटते. मरीन प्लाय या कामाला आवश्यक नाही.

नुसत्या ७१० च्या शिक्क्यावर विश्वास ठेवू नये. आयएसआय चिन्हासोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर दुकानातच तपासता येतो. त्यानंतर प्लाय आडवी ठेवून बोटाच्या पेराने ठोकत जावे. आवाज एकाएकी पोकळ झाला, तर त्या जागी आतल्या थरांत फट आहे असे समजावे. चारही कडा पाहाव्यात, आणि एका टोकाला डोळा लावून लांबीच्या दिशेने नजर टाकून प्लाय धनुष्यासारखी वाकलेली नाही ना, याची खात्री करावी. वाकलेल्या प्लायची दारे सरळ होत नाहीत, मग बिजागऱ्या कितीही चांगल्या असोत.

दर चौरस फुटाचा सांगितला जातो आणि पूर्ण प्लाय ३२ चौरस फुटांची असते. दरात कर, कापणी आणि टेम्पोचे भाडे धरले आहे की नाही, हे आधी विचारावे. स्वस्त वाटलेला दर बहुधा याच तीन बाबींत भरून काढलेला असतो.

तपासणी: १८ मिमीची म्हणून विकली जाणारी प्लाय प्रत्यक्षात १७ मिमी किंवा त्याहून थोडी अधिक भरते. व्हर्नियर असल्यास व्हर्नियरने, नसल्यास स्टीलच्या पट्टीने चारही कडांवर जाडी मोजून लिहून ठेवावी. पुढची सर्व मापे या आकड्यावर अवलंबून आहेत.

२. कापणीची यादी

यादी मिलिमीटरमध्येच करावी. दुकानात माप फूट, इंच आणि सुतांत बोलले जाते, तिथे १८ मिमीला सहा सूत किंवा पाऊण इंच म्हणतात आणि पाऊण इंच म्हणजे १९ मिमी. एका फळीमागे एक मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, परंतु या कपाटाच्या उंचीत अशा चार फळ्या एकावर एक येतात.

वरची, खालची आणि मधल्या दोन अशा चारही आडव्या फळ्या दोन बाजूंच्या मध्ये बसतात. म्हणून त्यांची लांबी म्हणजे ६०० मधून प्लायच्या जाडीची दुप्पट वजा केलेला आकडा. जाडी १८ असेल तर ५६४, आणि १७ असेल तर ५६६. खालील यादी १८ मिमी धरून केली आहे:

बाजू: १२०० × ४००, दोन नग
वरची व खालची फळी: ५६४ × ४००, दोन नग
मधल्या फळ्या: ५६४ × ३८२, दोन नग
पायथ्याच्या आणि पाठीच्या आडव्या पट्ट्या: ५६४ × १००, चार नग
दारे: १०९६ × २९६, दोन नग, सांगाडा झाल्यानंतर अंतिम मापाला
पाठ: ६ मिमी प्लाय, १०९८ × ५९८, एक नग

मधल्या फळ्यांची खोली मुद्दाम एका प्लायच्या जाडीइतकी कमी ठेवली आहे. त्यामुळे त्या समोरून आत सरकतात आणि बसवताना त्याच प्लायचा उरलेला तुकडा टेकू म्हणून वापरता येतो.

प्लायवर मांडणी अशी करावी. आधी लांबीच्या दिशेने ४०० मिमी रुंदीचे तीन पट्टे काढावेत. पात्याची जाडी सुमारे ३ मिमी असते आणि तितकी भुकटी प्रत्येक कापात जाते. ती धरूनही १२२० मध्ये तीन पट्टे बसतात. पहिल्या पट्ट्यातून दोन्ही बाजू, दुसऱ्यातून चारही आडव्या फळ्या. तिसरा पट्टा पुन्हा लांबीत चिरून २९७ मिमीचा भाग दारांसाठी ठेवावा, उरलेल्या सुमारे १०० मिमीतून चार पट्ट्या काढाव्यात.

या मांडणीत एक गोष्ट बदलू नये. प्लायच्या वरच्या पापुद्र्याचे रेषे आठ फुटांच्या दिशेने जातात आणि फळीचे रेषे तिच्या लांबीच्या दिशेने असले तरच ती वजन नीट पेलते. जागा वाचवण्यासाठी फळी आडवी फिरवून कापली, तर डब्यांच्या ओझ्याखाली ती लवकर झोल धरते. कपाट याहून रुंद करायचे असेल आणि फळी ७५० मिमीच्या पुढे जाणार असेल, तर मध्ये उभा आधार द्यावाच.

३. कापणी

शक्य तितके काप दुकानातल्या पॅनेल सॉवर, म्हणजे अख्खी प्लाय सरळ कापणाऱ्या यंत्रावर, करून घ्यावेत. तिथले काप सरळ येतात, आणि अख्खी प्लाय तीस-पस्तीस किलोची असल्याने व लिफ्टमध्ये मावत नसल्याने पट्टे केलेला माल घरी आणणेही सोपे जाते. एकच विनंती आग्रहाने करावी: दोन्ही बाजू एकाच स्टॉपरला, म्हणजे यंत्रावर माप पक्के धरणाऱ्या अडणीला, लावून कापाव्यात, आणि चारही फळ्याही तशाच. यादीतला आकडा एखादा मिलिमीटर चुकला तरी चारही फळ्या सारख्या असतील, तर सांगाडा चौकोनी होतो. चार फळ्या चार लांबींच्या असतील, तर पुढे कोणताही उपाय चालत नाही.

घरी कापायचे काम उरले, तर कापाच्या रेषेवर आधी कागदी चिकटपट्टी लावावी, म्हणजे कडेच्या चिपा उडत नाहीत. हातकरवतीने कापताना चांगली बाजू वर ठेवावी, हातात धरायच्या गोल पात्याच्या यंत्राने कापताना ती खाली ठेवावी. यंत्र एका सरळ पट्टीच्या आधाराने चालवावे आणि ती पट्टी दोन्ही टोकांना शिकंज्याने आवळलेली असावी.

इशारा: मार्बल कापण्याच्या चार इंची कटरला लाकडाचे दातेरी पाते लावून प्लाय कापण्याची सवय फार पसरलेली आहे आणि ती धोकादायक आहे. या यंत्राचा वेग व पकड दगडासाठी आहे, त्यात अनेकदा पात्याचे आवरण काढून टाकलेले असते, आणि दाते प्लायमध्ये अडकले की यंत्र हातातून मागे उसळते. सवय नसलेल्या माणसाने ते हातात घेऊ नये. दुकानातल्या कापणीचे चार पैसे इथे वाचवू नयेत.

दारांचा पट्टा या टप्प्यावर आडवा कापू नये. तो लांबच्या लांब बाजूला ठेवावा.

घरी आणलेले तुकडे भिंतीला तिरके टेकवून ठेवल्यास त्यांना वाक येतो. तीन सारख्या जाडीच्या पट्ट्यांवर ते सपाट रचावेत आणि जोडणीपूर्वी काही दिवस खोलीच्या हवेत राहू द्यावेत, पावसाळ्यात तर नक्कीच.

४. आखणी

दोन्ही बाजू शेजारी-शेजारी ठेवून, आतली अंगे वर आणि समोरच्या कडा एकमेकींना चिकटवून, दोन्हींवर एकदमच रेषा ओढाव्यात. या एका कृतीने दोन चुका टळतात: फळ्या तिरक्या बसणे, आणि दोन्ही बाजू डाव्याच किंवा उजव्याच तयार होणे. प्रत्येक तुकड्यावर नाव, वरचे टोक आणि समोरची कड पेन्सिलीने लिहावी.

जमिनीपासूनची मापे अशी: खालची फळी १०० ते ११८, पहिली मधली फळी ४७० ते ४८८, दुसरी ८२६ ते ८४४, आणि वरची फळी ११८२ ते १२००. त्यामुळे तळाचा कप्पा ३५२ मिमी आणि वरचे दोन ३३८ मिमी उंचीचे मिळतात. जाडी वेगळी भरली असेल, तर प्रत्येक फळीची दुसरी रेषा प्रत्यक्ष तुकडा ठेवून ओढावी. रेषा नेहमी गुण्या लावून ओढाव्यात. गुण्याविषयी शंका असेल, तर कोपऱ्यापासून एका कडेवर ३०० आणि दुसऱ्या कडेवर ४०० मिमीवर खूण करावी. दोन खुणांतले अंतर बरोबर ५०० आले, तर कोपरा काटकोनात आहे.

आता प्रत्येक फळीच्या दोन रेषांच्या मधोमध, समोरून ५०, २०० आणि ३५० मिमीवर स्क्रूच्या जागा ठरवून ४ मिमीच्या ड्रिलने बाजू आरपार भोके पाडावीत आणि बाहेरच्या अंगाने स्क्रूचे डोके बुडेल इतका खळगा करावा.

५. जोडणीपूर्वी घासणे आणि आतला प्रायमर

बहुतेक जण रंगाचे सगळे काम शेवटावर टाकतात आणि मग कपाटाच्या आत डोके घालून अर्धवट घासतात. आतली अंगे सुटी असतानाच १२० आणि मग १८० नंबरच्या पॉलिशपेपरने रेष्यांच्या दिशेने घासावीत, धूळ पुसावी आणि वुड प्रायमरचा एक हात द्यावा. जिथे फळी टेकणार आहे, त्या दोन रेषांमधल्या जागेवर आधी चिकटपट्टी लावून ती कोरडी ठेवावी. प्रायमरवर फेविकॉल लाकडाइतके धरत नाही. घासताना नाकावर मास्क असावा, कारण प्लायच्या भुकटीत गोंदाचाही अंश असतो.

६. सांगाडा जोडणे

आधी गोंद न लावता पूर्ण सांगाडा एकदा मांडून पाहावा. फट दिसली तर ती आत्ताच दुरुस्त होते.

मांडणी जमली की गोंदाला सुरुवात करावी. प्लायची कापलेली कड गोंद पटकन शोषते, म्हणून तिच्यावर आधी पातळ हात फिरवावा, दोन मिनिटे थांबावे आणि मग दुसरा हात द्यावा. सपाट लादीवर समोरच्या कडा खाली करून तुकडे उभे करावेत. मधल्या फळ्यांच्या खाली १८ मिमीचे उरलेले तुकडे ठेवले की त्या आपोआप योग्य खोलीवर येतात. जोडणीचा क्रम असा: खालची फळी, मधल्या दोन, वरची, मग पायथ्याच्या दोन पट्ट्या आणि शेवटी पाठीच्या दोन पट्ट्या. पायथ्याची पुढची पट्टी ५० मिमी आत घ्यावी, म्हणजे जवळ उभे राहिल्यावर पायाची बोटे तिला लागत नाहीत. पाठीची एक पट्टी वरच्या फळीच्या खाली आणि दुसरी वरच्या मधल्या फळीच्या खाली, मागच्या कडेशी सपाट बसवावी. कपाट भिंतीला याच पट्ट्यांतून आवळायचे आहे.

दोन इंची, आठ नंबरचे, जस्ताचा मुलामा असलेले चिपबोर्ड स्क्रू वापरावेत. सर्वत्र मिळणारे काळे जिप्समचे स्क्रू ठिसूळ असतात आणि आवळताना त्यांची डोकी तुटतात. या सांगाड्याला चाळीस स्क्रू लागतात, पन्नास घ्यावेत. बाजूच्या भोकातून फळीच्या कडेत आधी अडीच ते तीन मिमीचे भोक पाडल्याशिवाय एकही स्क्रू मारू नये. तसे केल्यास थर उकलतात आणि उकललेली कड पुन्हा जुळत नाही.

मोठे शिकंजे नसतील, तर सांगाड्याभोवती मजबूत दोरी दुहेरी गुंडाळून त्यात काठी अडकवावी आणि पीळ द्यावा. कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवावा, म्हणजे दोरीचे वळ उठत नाहीत. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसावा, वाळलेल्या गोंदाच्या डागावर रंग धरत नाही.

तपासणी: गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजावेत. ६०० बाय १२०० च्या सांगाड्याचा कर्ण सुमारे १३४२ मिमी येतो, परंतु आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे असणे महत्त्वाचे. फरक २ मिमीपेक्षा जास्त असेल, तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर आतल्या दिशेने दाब देऊन तो काढावा.

७. पाठ बसवणे

कपाटाला काटकोनात धरून ठेवते ती पाठ. म्हणून सहा मिमीचा तुकडा स्वतः काटकोनात कापलेला आहे, हे आधी पाहावे. त्याची एक लांब कड बाजूच्या कडेशी जुळवून गोंद व एक इंची स्क्रूंनी आवळावी, मग वरची कड जुळवावी. ती जुळत नसेल, तर सांगाडा हलवून पाठीशी जुळवावा. पाठ तिरकी करून बसवू नये. पुढचे स्क्रू दर १५० मिमीवर, आणि मधल्या दोन फळ्यांच्या मागच्या कडेतही तीन-तीन. चोवीस तास सांगाडा हलवू नये.

८. दारांचे माप आणि बिजागऱ्या

आता आणि आताच दारे कापावीत. सांगाड्याची समोरची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी. सर्वांत लहान आकड्यातून ८ मिमी वजा करून त्याचे निम्मे केले की एका दाराची रुंदी मिळते. ६०० वरून ती २९६ येते: दोन्ही कडांना अडीच-अडीच मिमी आणि मध्ये ३ मिमी फट. पट्टा २९७ चा आहे, उरलेला मिलिमीटर रंध्याने आणि कानशीने काढावा. उंची खालच्या फळीच्या तळापासून वरच्या फळीच्या माथ्यापर्यंत मोजून तीतून ४ मिमी कमी करावेत. या फटी मोठ्या वाटतात, पण रंगाचे थर आणि पावसाळ्यातले फुगणे त्यांनीच सामावून घ्यायचे असते.

बाजूंच्या कडा झाकणाऱ्या अशा दारांना झिरो क्रँकच्या, म्हणजे सरळ दांड्याच्या, ऑटो बिजागऱ्या (दाराच्या आतल्या अंगात गोल वाटी बसवायच्या, स्प्रिंगच्या बिजागऱ्या) लागतात. आठ क्रँक किंवा सोळा क्रँकच्या घेतल्या, तर दार जागेवर येणार नाही. या उंचीच्या दाराला तीन बिजागऱ्या द्याव्यात: दोन्ही टोकांपासून १०० मिमीवर एकेक आणि एक मधोमध. या जागांवर कोणतीही फळी आडवी येत नाही. वाटीचे भोक ३५ मिमी व्यासाचे, त्याचे केंद्र दाराच्या कडेपासून २२.५ मिमीवर आणि खोली बिजागरीच्या वाटीइतकी, सहसा १२ मिमीच्या आसपास. ड्रिलच्या पात्यावर खोलीच्या जागी चिकटपट्टी गुंडाळावी आणि आधी टाकाऊ तुकड्यावर एक भोक पाडून पाहावे, कारण पात्याचे मधले टोक वाटीपेक्षा खोल जाते आणि दाराच्या दर्शनी बाजूला फोड उठते. कपाटाच्या बाजूवरच्या प्लेटचे स्क्रू समोरच्या कडेपासून ३७ मिमीवर येतात.

दारे एकदा लावून पाहावीत, फटी जमल्या की काढून ठेवावीत. प्रत्येक दारावर डावे-उजवे लिहिलेले असावे.

९. रंग

खर्च कमी ठेवायचा असल्याने सनमाइकाऐवजी ऑइलपेंट सुचवला आहे. तो स्वस्त पडतो, घरी करता येतो आणि खरवडला तर पुन्हा लावता येतो. ज्यांना सनमाइका हवी आहे त्यांनी दाराच्या आतल्या अंगालाही पातळ लाइनर लावावा आणि दाराच्या मापात त्या जाडीचा हिशेब धरावा. एकाच अंगाला सनमाइका चिकटवलेले दार काही महिन्यांत वाकते.

रंगाच्या कामात सर्वाधिक वेळ कडांना द्यावा. प्लायची कड म्हणजे उघड्या नळ्यांचा जुडगा असतो आणि पाणी तिथूनच आत जाते. सर्व कडा, स्क्रूची डोकी आणि खड्डे यांत लांबी (पुट्टी) भरावी, वाळल्यावर १८० ने घासावे, गरज वाटल्यास पुन्हा भरावे. मग सर्वांगाला प्रायमर, २२० ने हलकी घासणी आणि ऑइलपेंटचे दोन पातळ हात. दाराच्या दोन्ही अंगांना सारखेच हात द्यावेत. दोन हातांमध्ये डब्यावर दिलेला वेळ पाळावा आणि पावसाळी हवेत तो वाढवावा.

बाजूंची जमिनीवर टेकणारी टोके आणि पायथ्याच्या पट्ट्यांची खालची कड कोणाला दिसत नाही, म्हणून ती वगळली जाते. लादी पुसतानाचे पाणी रोज तिथेच लागते. कपाट आडवे करून या कडांना प्रायमर आणि रंगाचे तीन हात द्यावेत, आणि बाजूंच्या चार कोपऱ्यांखाली प्लास्टिकचे बुश ठोकावेत, म्हणजे लाकूड लादीला स्पर्श करणार नाही.

१०. जागेवर उभे करणे

भिंतीला ओल असेल किंवा वाळवीची माती दिसत असेल, तर ती दुरुस्त होईपर्यंत कपाट तिथे ठेवू नये. पाठ आणि भिंत यांत बोटभर हवा खेळू द्यावी. बाल्कनी आणि न्हाणीघराजवळच्या लादीला उतार असतो, म्हणून वरच्या फळीवर पाणसळ दोन्ही दिशांनी ठेवून बुशांखाली पातळ पाचरी द्याव्यात. हे झाल्याशिवाय दारे लावू नयेत. वाकड्या जमिनीवर कपाट पिळले जाते आणि दारांतला फरक बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवून काढण्यात तास जातात.

कपाट भरल्यावर दार धरून लोंबकळलेले मूल ते अंगावर घेऊ शकते. पाठीच्या पट्टीतून ८ मिमीचे भोक भिंतीत पाडून, त्यात गिट्टी (भिंतीत स्क्रू धरून ठेवणारी खुंटी) बसवून किमान दोन लांब स्क्रूंनी ते आवळावे. स्क्रूची लांबी ठरवताना पट्टी, पाठ, मागची फट आणि प्लास्टर यांची जाडी सोडून उरणारी लांबी विटेत शिरायला हवी. वरची पट्टी विजेच्या बटणांच्या सरळ रेषेत येत असेल, तर आतली वायर टाळून जागा निवडावी.

दारे लावून, बिजागरीच्या एका स्क्रूने डावे-उजवे आणि दुसऱ्याने पुढे-मागे सरकवून मधली फट वरपासून खालपर्यंत सारखी करावी. सामान भरल्यानंतर आठवड्याभराने फटी पुन्हा पाहाव्यात आणि प्लेटचे स्क्रू एकदा आवळावेत.

पहिला पावसाळा सुरू झाल्यावर दारे घासत असतील, तर लगेच रंधा मारू नये. आधी पाणसळ तपासावी, मग बिजागऱ्या, आणि त्यानंतरही घासत असेल तर हवा कोरडी होईपर्यंत थांबावे. रंधा मारावाच लागला, तर उघडी पडलेली कड त्याच दिवशी प्रायमर लावून बंद करावी.